सोंडमाची मुक्काम

सोंडमाची, ता. ३ नोव्हेंबर

सौ. वैजयंती सोनवणे यांस,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. तेवढी जागा मी मोकळी ठेवतो. हे पत्र गावाच्या वतीने आहे. लिहिणारा बाबाजी धोंडू शेडगे, पिठाची गिरणी, सोंडमाची. तुझा बाप. नऊ वर्षांत अक्षर विसरली असशील म्हणून नाव घातलं.

काम असं आहे की आपली मुक्कामाची एसटी बंद होणार. संध्याकाळी घाट चढून येते, रात्रभर भैरोबाच्या देवळापाशी उभी राहते आणि पहाटे तालुक्याला उतरते, ती. दुसरी गाडी गावाला नाही. डेपोचं म्हणणं, प्रवासी मिळत नाहीत. हे खोटं आहे असं मला म्हणता येत नाही. मागच्या जनगणनेला गावात साडेचारशे माणूस होतं. आता सरपंच लीलाबाई कोंढरे दीडशे सांगते, पण ती पुण्यात राहून मतदानापुरतं वर येणाऱ्यांनाही धरते. माझा अंदाज गिरणीवरून. पूर्वी दिवाळीच्या आठवड्यात दळणाचे डबे रस्त्यापर्यंत लागायचे आणि बायका नंबरावरून भांडायच्या. यंदा भांडण झालं नाही. पट्टा दोन दिवस चढवला, त्यातही दुपारची झोप झाली.

काल देवळात बैठक होती. लीलाबाई म्हणाली, "बाबाजीभाऊ, तुमचा जावई डेपोतच हाय की. त्याच्या कानावर घाला."

मी म्हटलं, "मला जावई न्हाय."

"बरं, मग तुमच्या लेकीच्या नवऱ्याच्या कानावर घाला," तात्या उघडे म्हणाला. सगळे हसले. म्हाताऱ्याच्या तोंडात एक दात उरलेला नाही, पण चावायचं सुटत नाही.

म्हणून हे पत्र तुला लिहिलं, त्यांना नाही. तुझे यजमान तिथे नेमकं काय काम करतात ते मला ठाऊक नाही आणि मी चौकशी केलेली नाही. गाडी कशाने राहील तेवढं विचारून कळव. अर्ज सोबत आहे. त्यावर माझी सही आहे ती गावकरी म्हणून.

मी स्वतः त्या गाडीत बसत नाही. हे तुला कोणीतरी सांगितलंच असेल. मी डोंगर उतरून फाट्यावर जातो आणि माणसं भरली की सुटणारी वडापची जीप धरतो. मुक्कामाच्या ड्रायव्हर-कंडक्टरला रात्रीचं जेवण घालायची घरोघरची पाळी अजून चालू आहे, आपलं घर वगळून. वगळायला मीच सांगितलं, तू गेलीस त्याच आठवड्यात. कंडक्टरला जेवू घालून मला काय मिळालं ते सगळ्या गावाने पाहिलं आहे.

तू त्या पहाटे त्याच्याच गाडीत बसलीस. तुझं तिकीट त्याने फाडलं होतं की नाही, एवढं मला अजून कळलेलं नाही. हे अर्जाच्या बाहेरचं आहे. सोडून दे.

बाबाजी शेडगे


सोंडमाची, ता. १२ नोव्हेंबर

वैजयंती,

कार्ड मिळालं. सांगण्याने गाडी राहत नसते, महिनाभर प्रवासी मोजतील, गाडी भरलेली दिसली तर मुक्काम राहील, हे मी बैठकीत वाचून दाखवलं. खाली "आईचे डोळे कसे आहेत" असं लिहिलं होतंस, ते वाचलं नाही. अर्जात तो विषय नव्हता. तुला म्हणून कळवतो, उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला आहे. तांदूळ निवडते आणि खडे ठेवते.

कार्डावर लीलाबाईने लगेच तोड काढली. जेवणाची पाळी असते तशी आता बसायची पाळी. रोज ठरलेल्या घरांतून एकेकाने पहाटे गाडीत बसायचं, तालुक्याला उतरायचं आणि संध्याकाळी त्याच गाडीने वर यायचं. काम असो नसो.

तात्या म्हणाला, "आगं, पन तितं जाऊन करायचं काय दिवसभर?"

"हितं काय करताय?" लीलाबाईने विचारलं.

तात्याने खरंच विचार केला. तोवर लीलाबाईने त्याचं नाव पहिल्या दिवसात घातलं.

आपल्या घरातून कोण, असं विचारल्यावर मी म्हटलं बायको जाईल. ती कोपऱ्यात बसली होती. तिने इतक्या चटकन "जाईन की" म्हटलं, की मला तिच्याकडे वळून बघावं लागलं.

बा. शे.


सोंडमाची, ता. २३ नोव्हेंबर

वैजयंती,

गावाच्या वतीने कळवतो की गाडी भरून जाते. पहाटे देवळापाशी लग्नाच्या वऱ्हाडासारखी गर्दी असते. बायका धुतलेली लुगडी नेसतात. तात्याने पटका काढला आहे. ज्यांना दळणाला गिरणीपर्यंत यायचं तर कंबर धरते, ते आता घाट उतरून स्टँडवर दिवस काढतात आणि आल्यावर दोन दिवस त्याच गोष्टी सांगतात. गावात दुपारी आवाज म्हणून उरलेला नाही. काल मी पट्टा चढवला तो नुसती सोबत म्हणून.

आता घरचं. आठवड्याला एक अशी आपल्या घराची पाळी. तुझी आई चारदा जाऊन आली. दुसऱ्यांच्या पाळ्या मागून घेते. विचारलं तर म्हणते डोळ्यांच्या डॉक्टरकडे नंबर लागत नाही. असला डॉक्टर मी पाहिला नाही, की ज्याच्याकडे नंबर लागत नाही पण माणूस जेवून परत येतं. कारण रात्री ती अर्ध्या भाकरीवर उठते.

परवा तिच्या पिशवीत लहान मुलाचा एक मोजा निघाला. पिवळा. माप बघता मूल पाच-सहा वर्षांचं असावं. मुलगा की मुलगी ते मोज्यावरून कळत नाही. मी तो परत पिशवीत ठेवला.

काल भाकरी थापताना, मी काही न विचारता, ती म्हणाली, "तिकीट फाडलं व्हतं त्यानं तिचं. पुरं तिकीट. सोताच्या खिशातनं पैसं घालून."

मी म्हटलं, "म्या इचारलं का?"

"नऊ वर्सं इचारताय की," ती म्हणाली. "गिरनीला."

गिरणीत मी एकटा असताना बोलतो, हे तिला ऐकू जातं याची मला कल्पना नव्हती.

बा. शे.


सोंडमाची, ता. ४ डिसेंबर

वैजयंती,

मंगळवारी मी त्या गाडीत बसलो. लोकांकडून तिखटमीठ लावून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

झालं असं की बायकांनी बैठकीत तक्रार केली. शेडगीणबाईच रोज जाते, आमची पाळी कधी येणार? ज्या गाडीत बसवायला महिन्यापूर्वी हातापाया पडावं लागत होतं, तिच्यासाठी आता भांडणं. लीलाबाईने निवाडा दिला की ज्याची पाळी त्यानेच बसायचं आणि शेडग्यांच्या घरात दोन माणसं आहेत. सगळे माझ्याकडे बघत होते. तात्या तर जवळ येऊन बघत होता. नको म्हणायला माझ्याकडे कारण होतं, पण ते नऊ वर्षं जुनं आहे आणि सगळ्यांना पाठ आहे. नवीन काही सुचेना.

गाडी बरी आहे. खिडक्या वाजतात. कंडक्टर नवा पोरगा आहे, "बाबा, कुठं?" म्हणाला. या गाडीतून खाली जायला दुसरं ठिकाण नाही, पण विचारायची रीत असेल.

स्टँडवर आम्ही ओळीने बाकावर बसलो. थोड्या वेळाने भोंग्यातून गाड्यांची नावं सांगणारा आवाज आला आणि मी तो ओळखला. आपल्या ओट्यावर बसून "मावशी, आमटी वाढा" म्हणणारा आवाज. तुझे यजमान काय काम करतात ते मला अशा रीतीने कळलं. स्पष्ट बोलतात. गावांची नावं पूर्ण घेतात, खात नाहीत. हे मला मान्य केलं पाहिजे. दिवसभर मी तो आवाज ऐकला. माणूस काचेच्या मागे होता, मी तिकडे पाहिलं नाही.

दुपारी तात्या म्हणाला, "बाबाजी, जा की लेकीकडं. चा तरी मिळंल."

"तूच जा."

"म्या गेलतो. दोन बारीला. पोहं चांगलं करती, पन मिरची कमी. लीलाबाई परवा जेवूनच आली." मग त्याने आपल्याच पायाकडे बघत सांगितलं, "नात हाय तुला. रेवा नाव. आमचा आबा कुनचा, म्हून परतेकाला इचारती."

म्हणजे सोंडमाचीचं अर्धं गाव पाळी लावून तुझ्याकडे पोहे खाऊन आलेलं आहे. मी एकट्याने स्टँडवर बसून भजी खाल्ली. तेल जुनं होतं.

तुझं घर स्टँडच्या मागेच आहे असं तात्या म्हणतो. मी आलो नाही. मला राग नव्हता असं नाही, राग होता, आणि तो अजून आहे. तू कोणाबरोबर गेलीस याचा आता तितका उरलेला नाही. आदल्या रात्री तू मला ताट वाढलंस, पाणी दिलंस, गिरणीची जळालेली मोटार दुरुस्त होऊन कधी येणार म्हणून विचारलंस आणि पहाटे घरात नव्हतीस. ती रात्र मला अजून गिळता येत नाही. आणि शिवाय, मला कोणी बोलावलेलं नव्हतं.

बा. शे.


सोंडमाची, ता. १७ डिसेंबर

वैजयंतीस आशीर्वाद.

डेपोचा कागद आला. मुक्काम बंद. एकतीस तारखेला शेवटची गाडी वर येईल, रात्र काढेल आणि पहाटे जाईल. त्यानंतर एसटी फाट्यापर्यंतच.

चूक आमचीच आहे. गाडी भरलेली दाखवा म्हटलं, आम्ही भरली. पण भरली कोणी? पंच्याहत्तरीच्या पुढे फुकट, बायकांना अर्धं तिकीट. आणि वर गावात दुसरं माणूस आहेच कुठे? महिनाभर सोंडमाचीच्या घाटातून एसटीने आमची म्हातारी माणसं हवा खायला नेली आणि आणली. डिझेल जळालं, गल्ल्यात काही पडलं नाही. कागदात हे सभ्य भाषेत लिहिलं आहे. लीलाबाईने वाचला, घडी घातली आणि म्हणाली, "आपन समदे मिळून एका पुऱ्या तिकिटाचं न्हाय." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मागे एकदा निवडणुकीत पडली तेव्हासुद्धा नव्हतं.

बाहेर पडताना एकदोघे म्हणाले, डेपोत माणूस असून उपयोग काय. मी तिथेच सांगितलं की जावयाचा यात दोष नाही. हेच शब्द वापरले. तात्याने ऐकलं आणि तो गप्प बसला, म्हणून मुद्दाम कळवतो.

आता तुझ्या दुसऱ्या कार्डाबद्दल. त्यावर नुसतं "या" लिहिलेलं आहे. कोणी यायचं ते नाही. पत्ता माझ्या नावाचा होता, पण पत्रं मी गावाच्या वतीने लिहितो. तेव्हा ते गावाला असेल असं धरून मी बैठकीत वाचलं. लीलाबाईने कार्ड माझ्या हातात परत दिलं आणि म्हणाली, "ह्ये गावाचं न्हाय, भाऊ. घरी न्या." घरी आणलं आहे.

तुझी आई शनिवारी खाली येते आहे. सोमवारी डोळ्याचं ऑपरेशन. महिनाभर तुझ्याकडे राहणार, हे तिने मला सांगितलं. विचारलं नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे आणि तो लिहूनच टाकतो. डावा गुडघा गेला. फाट्यापर्यंतचा डोंगर मला आता उतरवत नाही, आणि उतरलो तर चढवणार नाही. रस्त्याने जीप वर आणायची तर जीपवाला इतकं मागतो की त्यापेक्षा गुडघ्यासाठी खालून वैद्य आणणं स्वस्त पडेल. एकतीस तारखेनंतर मी वरचा वर आणि तुम्ही सगळे खालचे खाली. तुझी आई डोळे बरे झाल्यावर चालत वर येईल, तिचे पाय धड आहेत. मी खाली येईन असं मात्र समजू नकोस. यायचं तर गाडी असेपर्यंतच, आणि माझी पाळी आता लागलेली नाही.

बाबाजी


एसटी स्टँड, ता. ३१ डिसेंबर, संध्याकाळ

चि. वैजू,

अनेक आशीर्वाद. पहिल्या पत्रात राहिलेले यात धर.

आज माझी पाळी नव्हती. आज कोणाचीच नव्हती, पण संध्याकाळी परत वर आणणारी शेवटची गाडी म्हणून सगळं गाव पहाटे देवळापाशी आलं. कोणी सांगितलं नव्हतं. लीलाबाईने ड्रायव्हरला नारळ दिला. गाडीत जागा नव्हती, तरी मला खिडकी मिळाली, कारण तात्याने तिच्यावर आधीच टोपी टाकून ठेवली होती. आज त्याने पटका बांधला नव्हता, टोपी घातली होती. मी कारण विचारलं नाही.

सकाळपासून बाकावर आहे. तीनदा उठलो. एकदा तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो. तिथे एक लहान मुलगी रस्त्यावर खडूने चौकोन काढत होती. तिने मान वर करून मला विचारलं, "काय हवंय?" मी म्हटलं, काही नाही, आणि परत आलो. ती रेवा असेल किंवा नसेल. नाक आपल्या घरातलं वाटलं. घरापर्यंत मात्र पाय गेले नाहीत. दारात उभं राहून काय बोलायचं ते मला येत नाही, आणि काही बोलायला तोंड उघडलं तर पहिल्यांदा भांडणच बाहेर येईल याची मला भीती वाटली. लिहिताना तसं होत नाही. लिहिताना खोडता येतं.

आताच गाडी लागली. पाटीवर "सोंडमाची मुक्काम" आहे, उद्या ती काढतील. भोंग्यातून नाव आलं. गावचे सगळे चढले. मी बसून राहिलो. दुसऱ्यांदा नाव आलं. मग आवाज थोडा थांबला आणि म्हणाला, "सोंडमाचीचे बाबाजी शेडगे, गाडीत बसून घ्या." सगळ्या स्टँडवर माझं नाव ऐकू गेलं. काचेच्या आतून मी दिसतो म्हणजे. त्या मंगळवारीही दिसलो असेन.

लीलाबाईने खिडकीतून डोकं काढलं. "बाबाजीभाऊ, चला. गाडी सुटली."

"तुमी व्हा म्होरं."

"म्होरं म्हंजी? मागनं गाडी न्हाय."

"ठावं हाय."

मग तिने हात बाहेर काढला. "गिरनीची किल्ली द्या मंग."

दिली. पट्टा कसा चढवायचा ते तिला माहीत आहे. दळण फारसं नाहीच.

गाडी गेली. तात्या मागच्या काचेतून हात करत होता आणि त्याला बघायला लोक थांबले होते. मग भोंग्यातून "सोंडमाचीची गाडी सुटलेली आहे" असं आलं. हे सांगायची गरज नव्हती, स्टँडवर त्या गाडीचा मी एकटाच उरलो होतो.

मला तुझी आठवण येत होती. नऊ वर्षं रोज येत होती. गिरणीत मी तुझ्याशी बोलत होतो, तुझी आई समजते तसा गिरणीशी नाही.

या पाकिटाला टपालाचं तिकीट लावलेलं नाही. आता उठतो आणि खिडकीत तुझ्या नवऱ्याच्या हातात देतो. त्यांची ड्यूटी कधी सुटते माहीत नाही, तोवर मी इथेच आहे; पत्र ते कोणाच्या तरी हाती पुढे धाडतील. त्यांना घाई करू नकोस. पत्र मिळालं की भाकरी टाकायला घे. आमटीत मीठ बेताचं घाल, डॉक्टरने मला कमी सांगितलं आहे.

तुझा,
आबा